वचनाचे व्हिडिओ चालतात, मग माझे रील्स का नाही?

या वेळचं पत्र सोलापुरातूनच आलंय, विजापूर रोडवरच्या एका ताईंचं. पत्र बरंच मोठं होतं, थोडं कापून देते, नाव अर्थातच देत नाही.

"काकू, जय ख्रिस्त. घरात मिस्टर, मी, सासूबाई, मुलगा दहावीत आणि मुलगी चौथीत. मी संडे स्कूलला शिकवते, मिस्टर मंडळीच्या (चर्चच्या) कमिटीत आहेत, कामाला एमआयडीसीत. आमच्याकडं रोज रात्री जेवणाआधी कौटुंबिक प्रार्थना व्हायची, सासरे होते तोवर एक दिवस चुकली नाही. आता आठवड्यातून एकदा झाली तरी खूप. मुलगा रात्री एक-एक वाजेपर्यंत मोबाइल बघतो, सकाळी उठत नाही, रविवारी उपासनेला नको म्हणतो, आला तरी मागच्या बाकावर खाली मान घालून बोटं चालूच. मागच्या महिन्यात मिस्टरांनी चिडून त्याचा फोन हिसकावून आपटला, काच फुटली. तेव्हापासून बापलेकात बोलणं बंद आहे. मी समजवायला गेले तर म्हणतो, तू पण दिवसभर बघतेसच की, पप्पा पण बघतात, आजीचा फोन तर बंदच होत नाही. मी म्हणलं, आम्ही देवाचं बघतो, वचनं, गाणी, संदेश, तुझ्यासारखं घाण बघत नाही. त्यावर तो नुसता हसला. काकू, ते हसणं मला लई लागलं. त्याचा फोन कायमचा काढून घेऊ का? पाळकसाहेबांसमोर बसवू का? मुलगी पण आता फोन मागायलीय. मला तर लाज वाटते, दुसऱ्यांच्या पोरांना कुठल्या तोंडानं शिकवू?"

ताई, जय ख्रिस्त.

पोरगं हसलं ते उद्धटपणाचं होतं, मान्य. पण उद्धट पोरं कधीकधी खरं बोलतात ओ, आणि इथं मला वाटतं तो खरं बोलला. तुम्ही पत्रात पुढं बरंच काही लिहिलंय जे मी वर कापलं, की सकाळी डोळे उघडल्या उघडल्या "आजचं वचन"चा फोटो सगळ्या ग्रुपांवर टाकता, स्वयंपाक करताना पाळकांचे संदेश लावता, दुपारी साक्षी, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगणारे लोकांचे अनुभव, ऐकता आणि रात्री झोपताना गाणी. मी बेरीज केली नाही पण तुम्ही करा. आणि भाकऱ्या करतानाचा फोन कसा असतो ते तुम्हाला मला दोघींना माहितीय, पिठाच्या डब्याला टेकवलेला. एक संदेश संपला की पुढचा आपोआप सुरू होतो, हात पिठाचे, बंद करता येत नाही, मग कोपरानं नाहीतर करंगळीनं कसंतरी सरकवायचं, आणि चौथ्या-पाचव्या व्हिडिओला पाळक कधीच निघून गेलेले असतात, कुणाच्या तरी हळदीतला नाच नाहीतर बिनअंड्याचा केक चालू असतो. तेवढ्यात मुलगी कट्ट्याशी उभी राहून शाळेतलं काहीतरी सांगत असते आणि आपण हं हं करत भाकरी उलटत असतो. मुलाला हेच दिसतं. त्याला स्क्रीनवर पाळक आहेत का नाच आहे ते दिसत नाही, आई ऐकत नाहीये एवढं दिसतं.

आपल्या ख्रिस्ती घरांत ही एक वेगळीच अडचण झालीय, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही म्हणून मी जरा लांबवते. आपण मोबाइलची वाटणी केलीय, देवाचं बघणं आणि जगाचं बघणं, आणि देवाच्या खात्यात टाकलं की मग कितीही तास चालतं. ॲपला यातलं काही कळत नाही. ते एवढंच बघतं की तुम्ही कुठं थांबलात आणि किती वेळ, आणि त्यासारखं अजून समोर आणून टाकतं. साक्षीवर थांबलात तर अजून रडवणारी साक्ष, चमत्कारावर थांबलात तर अजून मोठा चमत्कार, मग "हा संदेश दहा जणांना पाठवा नाहीतर आशीर्वाद जाईल". तुमच्या मुलाच्या क्रिकेटच्या रील्सला जी मशीन आहे तीच मशीन तुमच्या वचनाला आहे. २०२० च्या जूनमध्ये सरकारनं टिकटॉक बंद केलं तेव्हा किती आयांनी सुटकेचा श्वास सोडला, आणि जुलैत इन्स्टाग्रामनं आपल्याकडं रील्स आणले, सप्टेंबरात यूट्यूबनं शॉर्ट्स. आणि ते वर्ष आठवा, लॉकडाऊन होतं, शाळा फोनवर, उपासना फोनवर, प्रार्थना सभा फोनवर. तुमचा मुलगा तेव्हा चौथी-पाचवीत असेल. फोन त्यानं मागून घेतला नव्हता, आपणच हातात दिला आणि म्हणलं बस आता याच्यासमोर.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर "नाही" असं आहे. कायमचा काढून घेऊ नका. एक तर होणार नाही, दहावी आहे, क्लासच्या नोट्स, शाळेच्या सूचना, सराव पेपर सगळं व्हॉट्सॲपवर येतं. दुसरं, तुम्ही तिघं मोठे फोन हातात घेऊन बसणार आणि त्याचा काढून घेणार, ही शिस्त त्याला अन्यायच वाटणार, आणि मला पण वाटते.

सुरुवात मोठ्यांच्या फोनपासून करा. अँड्रॉइड असेल तर सेटिंगमध्ये डिजिटल वेलबीइंग म्हणून असतं, आयफोनला स्क्रीन टाइम, त्यात रोज किती तास, कुठल्या ॲपवर किती, दिवसात किती वेळा फोन उघडला, सगळं लिहिलेलं असतं. तुम्ही आणि मिस्टर दोघांनी आधी एकमेकांचं बघा, मुलगा झोपल्यावर. मग एक दिवस तुमचा आकडा तुम्ही स्वतः मुलाला दाखवा, त्याचा मागू नका. फक्त म्हणा, हे बघ बाबा माझं एवढं होतंय, मला पटत नाही, मी कमी करणार आहे. त्यानं आपला दाखवला तर दाखवला. नाही दाखवला तर विषय सोडून द्या, त्या दिवशी तरी.

मग तुमच्या फोनमधली दोन-तीन कामं आहेत, ती त्यालाच करायला सांगा, त्याला ती आपल्यापेक्षा पटकन जमतात. यूट्यूबचं ऑटोप्ले बंद करायचं, म्हणजे एक संदेश संपला की संपला. यूट्यूबची वॉच हिस्ट्री पुसून बंद करायची, मग उघडल्यावर समोर व्हिडिओंची रांग येत नाही, पान रिकामं असतं, जे पाहिजे ते नाव टाकून शोधायचं. हे रिकामं पान पहिले काही दिवस फार विचित्र वाटतं, करून बघाच. आणि ग्रुप सगळे म्यूट. तुमच्या एरियातला पाण्याचा ग्रुप तेवढा चालू ठेवा, नाहीतर नळ येऊन जायचा आणि तुम्ही माझ्या नावानं खडे फोडाल.

आता मिस्टरांचं. ताई, फोन आपटला तो प्रकार असाच मागं टाकून पुढं जाता येणार नाही. इफिसकरांच्या पत्रात बापांना सरळच सांगितलंय की मुलांना चिरडीस आणू नका, आणि आपण ते वचन सोडून त्याच्या आधीचं, मुलांनो आईबापांच्या आज्ञेत राहा, तेवढंच पाठ करून घेतो. संडे स्कूलमध्ये पण तेच. मिस्टरांनी त्याला म्हणावं की फोन आपटला ते चुकलं. पुढं "पण तू पण" लावायचं नाही, तिथंच थांबायचं. आणि काच बदलायला दोघांनी मिळून गाडीवर जावं. दुकानात तासभर तरी बसवतात, बसू देत दोघांना तिथं. काही बोलले नाहीत तरी चालेल.

गाडीवर जा हे मी उगाच म्हणत नाहीये. बायबलातल्या अनुवाद या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात देवाच्या आज्ञा लेकरांना कधी सांगायच्या ते आहे, घरात बसता, वाटेनं चालता, निजता आणि उठता. मी हे लहानपणापासून ऐकतेय, पण हल्ली वाचताना वाटतं की या चारही वेळा आता फोननं घेतल्यात. घरात बसलो की फोन, रिक्षात फोन, निजताना फोन, उठल्या उठल्या फोन. मग आपण म्हणतो प्रार्थनेला वेळ मिळत नाही. दिवसाचे बाकीचे तास तसेच आहेत, काम, शाळा, स्वयंपाक, तिथं काही बदल करायची गरज नाही. या चार वेळांतल्या दोन जरी सोडवून घेतल्या तरी घर बदलल्यासारखं वाटेल. वाटेची वेळ सगळ्यात सोपी, म्हणून आधी ती. त्याला क्लासला सोडायला तुम्ही किंवा मिस्टर गाडीवर जाताच ना, सात रस्त्याच्या सिग्नलला उभं राहिल्यावर पोरं असं काही बोलून जातात की घरात समोरासमोर बसवून विचारलं असतं तर तोंड उघडलं नसतं. मागं बसलेल्याला आईचा चेहरा दिसत नाही, म्हणून बोलतात. तेव्हा अभ्यासाचं विचारू नका फक्त.

निजायच्या वेळेबद्दल एक गोष्ट सांगते जी बऱ्याच आईबापांना माहिती नसते. रोजचा दीड जीबी, दोन जीबी असा जो पॅक असतो त्याचा नवा डेटा रात्री बाराला सुरू होतो. संध्याकाळी डेटा संपला की पोरं म्हणतात आता बंद, आणि अंथरुणात पडून बारा वाजायची वाट बघतात. तुमचा मुलगा एक-एक वाजेपर्यंत जागतो त्यात हे असण्याची शक्यता बरीच आहे. बाराला नवा डेटा आला की मित्र पण सगळे तेव्हाच ऑनलाइन, "काय करायलास बे" चालू होतं आणि मग एक कधी वाजला कळत नाही. पुढचं रिचार्ज करताना रोजच्या डेटाचा पॅक सोडून महिन्याला एकदाच ठरावीक डेटा मिळतो तसला छोटा पॅक घेता येतो का दुकानात विचारा, पण त्याला न सांगता बदलू नका, त्याच्यासमोर बसून ठरवा. घरात वायफाय असेल तर रात्री राउटर बंद करता येतं, पण मोबाइल डेटा चालू असेल तर त्याचा उपयोग शून्य, हे त्याला तुमच्या आधी कळलेलं असतं.

आणि सगळे फोन रात्री हॉलमध्ये चार्जिंगला. सगळे म्हणजे सगळे, तुमचा आणि मिस्टरांचा पण. अलार्मसाठी लागतो हे कारण सगळ्यांनी देऊन झालंय, नवी पेठेत जाऊन एक सेलवरचं गजराचं घड्याळ आणा, दोन-तीनशे रुपयांत येतं, कर्कश वाजतं, झकास. कुणाचा रात्री अर्जंट फोन येईल असं वाटत असेल तर रिंग मोठी ठेवा, हॉल काही होटगीला नाहीये, ऐकू येतं. सुरुवातीला मुलगा देणार नाही. पहिले काही दिवस तुमचे दोन फोन तिथं लावा आणि त्याला काही म्हणू नका. मग दहा-साडेदहाची वेळ ठरवा, त्याच्याशी बोलून, परीक्षा जवळ आली की अजून थोडी अलीकडं. त्यानं इन्स्टाग्रामवर खरं वय टाकलेलं असेल तर आता अठराच्या आतल्या मुलांना टीन अकाउंट आपोआप मिळतं, रात्री दहा ते सकाळी सात नोटिफिकेशन गप्प राहतात. पण बहुतेकांनी जन्मसाल खोटं टाकलेलं असतं, तेवढं त्याच्याकडून दुरुस्त करून घ्या.

आता कौटुंबिक प्रार्थना. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे, तिथं २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास अख्ख्या गावात टीव्ही-मोबाइल बंद, पोरं अभ्यासाला बसतात. पेपरात वाचलं तेव्हा मला आधी आपलं सोलापूरच आठवलं. जुनी मिल १८७७ सालची, त्यानंतरच्या बाकी मिला, या गावचं घड्याळ म्हणजे भोंगाच होता, भोंगा झाला की चूल, भोंगा झाला की डबा, तुमच्या सासूबाईंना विचारा, त्या सांगतील. भोंगा कुणाला समजावत बसत नव्हता आणि कुणावर चिडत पण नव्हता. तुमच्या घरात सध्या भोंग्याचं काम तुम्ही करताय, ओरडून, म्हणून दमायलाय. एक वेळ धरा, मिस्टर कामावरून येऊन हातपाय धुऊन झाल्यावरची, आठ म्हणा, साडेआठ म्हणा. त्या गजराच्या घड्याळालाच तो गजर लावा आणि तो बंद करायचं काम मुलीकडं द्या. चौथीतल्या पोरीला असला अधिकार दिला की ती आजीला पण सोडत नाही.

प्रार्थना छोटी ठेवा. सासरे होते तेव्हा एक अध्याय, दोन गीतं, सगळ्यांची फिरती प्रार्थना असेल, ते सगळं एकदम परत आणायला जाऊ नका. दहा-बारा मिनिटं. छापील बायबल घ्या, फोनमधलं नको, कारण फोनमध्ये वचन काढता काढता वरून मेसेज खाली येतो आणि बोट तिकडं जातंच. एक गीत सासूबाईंनी पाठ असलेलं सुरू करायचं. मुलगा गाणार नाही, नुसता बसेल, बसू द्या. त्याला आजीसाठी चार ओळी वाचायला सांगा, आजीचे डोळे कमी झालेत हे कारण खरं आहे आणि आजीला नाही म्हणणं पोरांना जड जातं.

आणि ताई, एक गोष्ट कळकळीनं सांगते, प्रार्थनेत टोमणे मारू नका. मी किती घरांत ऐकलंय, डोळे मिटून, सूर लावून, "हे प्रभू, आमच्या लेकराला या मोबाइलच्या बंधनातून सोडव, त्याला अभ्यासाची बुद्धी दे, आईबापाचं ऐकायला शिकव". हे प्रभूला सांगणं नाही ओ, हे समोर बसलेल्या पोराला सांगणं आहे, आणि ते अशा वेळी की त्याला उलट बोलता पण येत नाही. मी पंधरा वर्षांची असते तर दुसऱ्या दिवशी त्या चटईवर बसलेच नसते. त्याच्यासाठी जे मागायचं ते तुम्ही एकट्या असताना मागा. प्रभू येशू स्वतः पहाटे उठून एकटा रानात जाऊन प्रार्थना करायचा, मार्कात पहिल्याच अध्यायात आहे, तुम्हाला निदान स्वयंपाकघर तरी आहे. पहाटेचं ते "आजचं वचन" ग्रुपवर टाकायच्या आधी स्वतः वाचा, आणि वाचून झाल्यावर टाकावंसं वाटलं नाही तर नका टाकू. कुणी विचारणार नाही.

मिस्टरांसाठी अजून एक, त्यांना हे वाचायला द्या, रागावले तर माझ्यावर रागावू देत. कमिटीचा ग्रुप. कुठल्या मंडळीचं नाव घेत नाही पण सगळीकडं तेच, निवडणूक, हिशेब, जागेचा वाद, पाळक बदली, रात्री अकरा अकरा वाजता लांबच लांब मेसेज, आणि बाप दिवाणावर पडून दातओठ खात टाइप करतोय, आणि पोरगं ते बघतंय. मत्तयाच्या अठराव्यात प्रभूनं सांगितलंय की भावानं अपराध केला तर जाऊन दोघंच असताना त्याला दाखव. आपण तो नियम बरोबर उलटा करून टाकलाय, दोघं असताना गप्प आणि दोनशे जणांच्या ग्रुपवर अपराध दाखवणं. त्यांना म्हणावं, कमिटीचं काम असेल तर फोन लावा नाहीतर जाऊन भेटा, आणि आठ-नऊनंतर त्या ग्रुपला उत्तर नाही. मंडळीची भांडणं आईबापाच्या फोनमध्ये वाचून जी पोरं वाढतात ती पुढं उपासनेला का येत नाहीत याचं कोडं मला तरी पडत नाही.

सासूबाईंचा फोन मात्र काढू नका. त्यांना नीट दिसत नसेल तर ऐकायचं बायबल हा त्यांना खरोखरचा आधार आहे, लेकीशी व्हिडिओ कॉल आहे, दुपारभर एकट्या असतात. आवाज कमी करायला एक साधा इअरफोन द्या आणि ते फॉरवर्डचं बघा, आजीच्या फोनवर अनोळखी लिंक, "मिशनकडून मदत मिळेल, ओटीपी सांगा" असले मेसेज येतात, त्याबद्दल नातवानंच आजीला समजावून सांगावं.

आता ज्या गोष्टीवर तुम्ही पत्रात नुसतं "घाण" म्हणून पुढं गेलात ती. त्यानं नेमकं काय बघितलंय ते तुम्हाला माहिती आहे, का अंदाज आहे? बहुतेक वेळा क्रिकेट, गाड्या, मारामारीचे गेम, कॉमेडी एवढंच असतं. पण पंधरा वर्षांच्या मुलाच्या हातात इंटरनेट आहे तर नको ते व्हिडिओ त्याच्या समोर आलेले असण्याची शक्यता आहे, हे धरून चाला आणि घाबरू नका. रात्री चोरून त्याचा फोन तपासू नका, एकदा कळलं की मग सगळं लपवायला शिकतो. ते बोलणं मिस्टरांनी करावं, बोलायला लागल्यावर, नाहीतर एखादा मामा, काका, ज्याच्यावर त्याचा विश्वास आहे असा मोठा पुरुष. सरळ भाषेत, पाप पाप न करता, की हे सगळ्यांच्या समोर येतं, यात जे दाखवतात ते खरं नातं नसतं, याची सवय लागते, आणि तुला कधी थांबवता येत नाही असं वाटलं तर माझ्याकडं ये, मी ओरडणार नाही. आणि मग खरंच ओरडायचं नाही. पैशाचे गेम खेळतो का तेही बघा, २०२५ च्या कायद्यानं पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम बंद केलेत, पण चोरवाटा असतातच, तुमच्या यूपीआयची हिस्ट्री एकदा नजरेखालून घाला. कुणी फसवून पैसे काढले असतील तर लगेच १९३० ला फोन, आणि एखाद्या फोटोवरून कुणी धमकावत असेल तर पैसे द्यायचे नाहीत, मेसेज पुसायचे नाहीत, सायबर पोलिसांकडं जायचं. पोरगं असलं काही सांगायला आलं तर पहिलं वाक्य "तू असं केलंसच का" हे नको, नाहीतर तिथंच गप्प होतं आणि मग एकटंच भोगत बसतं.

म्हणूनच पाळकसाहेबांसमोर बसवू नका. त्याच्या वयाला ती जाहीर शिक्षा वाटेल, आणि आपल्याकडं पाळकांच्या घरातली गोष्ट रविवारपर्यंत महिला मंडळात पोचते, हे तुम्हाला मी काय सांगू. पाळकांशी तुम्ही दोघं बोला, आणि वेगळंच मागा. मुलाला उपासनेत काहीतरी काम द्या म्हणावं. पडद्यावर गीतं लावणं, साउंडच्या टेबलाशी उभं राहणं, नाहीतर नाताळात कॅरल पार्टीच्या वेळी गिटारवाल्याच्या मागं फिरणं असलं काहीतरी. मागच्या बाकावर खाली मान घालून बसलेला पोरगा आणि टेबलाशी वायर हातात घेऊन उभा असलेला पोरगा यात फार फरक असतो. आणि तुम्ही मोठ्यांनी उपासनेला जाताना छापील बायबल आणि गीतांचं पुस्तक न्या, फोन पर्समध्ये. प्रभुभोजनाच्या वेळी कुणाची तरी रिंगटोन वाजते तेव्हा सगळे त्याच्याकडं वळून बघतात, पण संदेशभर खाली फोनमध्ये बघणाऱ्या मोठ्यांकडं कुणी बघत नाही, पोरं बघतात.

मुलीला स्वतःचा फोन नाही, एवढं साधं आहे. इन्स्टाग्रामला, व्हॉट्सॲपला त्यांच्याच नियमानं तेरा वर्षं लागतात. तिला बघायचं असेल तर हॉलमधल्या टीव्हीवर, सगळ्यांसमोर, ठरलेला वेळ. पुढं कधी द्यायची वेळ आलीच तर गूगलचं फॅमिली लिंक लावून द्या, त्यात रोजचे तास, झोपायची वेळ, कुठलं ॲप घ्यायचं ते तुमच्या फोनवरून ठरतं. आणि भाऊ बोलत नाही, बाप चिडलेला, आई फोनमध्ये, अशा घरात तिसऱ्या कोपऱ्यातली पोरगी फोनच मागणार, तिच्याकडं बसायला कुणी नाहीये. भाकरी करताना तिला कट्ट्यावर बसवा, शेंगाचटणी कुटायला द्या, बोलू दे.

ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात चाळीस दिवस मोबाइल बंद करू असं बऱ्याच मंडळ्यांत हल्ली ठरवतात. ज्यांना जमतं त्यांनी करावं, पण मी तुम्हाला सांगणार नाही, कारण ईस्टरच्या संध्याकाळी हीच माणसं चाळीस दिवसांचं एकदम भरून काढताना मी बघितलीयत. तुम्हाला रात्री हॉलमध्ये फोन आणि आठची दहा मिनिटं एवढं वर्षभर जमलं तर मला जास्त आनंद होईल.

संडे स्कूलचं म्हणाल तर शिकवत राहा, लाज कसली. फक्त मोबाइल हा विषय तिथं सध्या घेऊच नका, दावीद आणि गल्याथ घ्या, योना घ्या. दोन-तीन महिन्यांनी पोरं स्वतःच काहीतरी विचारतील तेव्हा बघू.

हे सगळं एकदम सुरू करू नका. आधी काच बदलून आणणं, मग तुमचा आकडा दाखवणं, मग हॉलमधलं चार्जिंग. प्रार्थनेची वेळ सगळ्यात शेवटी, बापलेक बोलायला लागल्यावर. आणि ज्या दिवशी संध्याकाळी नळाला पाणी येतं त्या दिवशी गजर वाजला आणि तुम्ही सगळे बादल्या-हंडे भरत असलात तर त्या दिवशीची प्रार्थना राहू दे, त्यावरून घरात नवं भांडण काढू नका.